आबांना घेऊन 'इंटरस्टेलर' : आयमॅक्स, मका आणि बहात्तरची मिलो

वसमतची_हळद (१० फेब्रुवारी २०२५, २१:४०)

हे परीक्षण नाही. सिनेमा २०१४ चा, परीक्षणं तेव्हाच लिहून झालीत. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी मात्र इथूनच परतावं, पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.

शुक्रवारी, ७ तारखेला, 'इंटरस्टेलर' आपल्याकडे पुन्हा आयमॅक्सला, म्हणजे त्या अवाढव्य पडद्याला, लागला. नवऱ्याने रविवार सकाळची दोन तिकिटं काढून ठेवली होती आणि शनिवारी रात्री त्याला ऑफिसने धरलं. आबा, म्हणजे माझे वडील, गुडघा दाखवायला गावाहून आलेले. काढलेलं तिकीट वाया जाऊ देणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हटलं चला आबा, पिच्चरला.

आबांनी थेटरात पाहिलेले सिनेमे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील, त्यातले निम्मे जत्रेतल्या तंबूतले. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की अर्ध्या तासात हे घोरायला लागतील, मग मी निवांत बघेन.

सुरुवातीला म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून जुन्या धुळीबद्दल सांगतात. मग जेवायच्या टेबलावर ताटं मांडलेली दिसतात, सगळी पालथी. बसायच्या वेळी उलटायची, तोवर धूळ बसू नये म्हणून. मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा लॅपटॉपवर, आणि शप्पथ सांगते, ती ताटं मला आठवतही नव्हती. इथे ती ताटं आमच्या जेवायच्या खोलीएवढी. खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटाने रेघ ओढता येईल अशी. आबा पुढे सरकून बसले.

मग ते ड्रोन येतं. नायक पोरांना घेऊन गाडी थेट उभ्या मक्यात घालतो, धाटं कडाकडा मोडत जातात. सगळं थेटर खूश. आणि माझ्या शेजारून चांगला मोठा आवाज, "आरं आरं आरं, मका तुडवायलाय की!" पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली. ते ड्रोन भारतीय वायुसेनेचं आहे हे मी अभिमानाने सांगायला गेले तर म्हणाले, "आसंल. पन मका कुनाचा?"

थोड्या वेळाने शेजारचा कुणी शेतकरी सगळं पीक पेटवून देतो असा उल्लेख येतो. रोग पडलाय, यंदाची भेंडी शेवटची, यापुढे जगात भेंडी नाही. मी कानात सांगितलं. आबा म्हणाले, "केवडा पडला आसंल." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भेंडीची पानं पिवळी पडतात त्या रोगाला आमच्याकडे केवडा म्हणतात. मग जरा वेळाने, "आमेरिका ना ही?" म्हटलं हो. "हिचीच मिलो खाल्ली आपन बहात्तरला."

बहात्तरच्या दुष्काळात आबा बारा वर्षांचे होते. खडी फोडायला आजीबरोबर जायचे. ती लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतोय, इतक्या वेळा की आम्ही भावंडं त्याची नक्कलही करायचो. त्या अंधारात मला पहिल्यांदाच नक्कल करावीशी वाटली नाही.

यान सुटतं तेव्हा खुर्ची हादरते, छातीत आवाज बसतो. आबांनी माझं मनगट धरलं ते शनी येईपर्यंत सोडलं नाही. शनीजवळून यान जातं तो प्रसंग आठवतोय? एवढा थोरला पडदा, कडी आडवी पसरलेली आणि यान म्हणजे तांदळाची कणी. "यान कुठंय?" मी बोट केलं. त्यानंतर दर वेळी अंतराळ आलं की आधी ते ती कणी शोधायचे, सापडली की मान डोलवायचे.

मध्यंतर आमच्याकडे नेमकं त्या निरोपांनंतर झालं. पाण्याच्या ग्रहावर वेळ फार हळू सरकते; तिथून ते परत येतात, इकडे २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस उलटलेले, आणि बाप खुर्चीत बसून पोरांचे साठलेले निरोप बघतो. तो रडतोय आणि भसकन दिवे! तीनेकशे माणसं एकमेकांना चुकवत डोळे पुसतायत. आबांनी तोवर गुडघा एकदाही लांब केला नव्हता. लांब केला आणि म्हणाले, "तीनेक तासासाठी तेवीस वर्षं. मंग त्येनं उतरायलाच नाई पायजे हुतं." माझी सहावीपासून निवासी नवोदय, मग लातूर, मग पुणे. यावर मी काय बोलणार. समोसे आणायला गेले.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. कृष्णविवर आलं. ती काळी वाटोळी पोकळी आणि भोवती सोनेरी कडं. आबा बराच वेळ गप्प. मग विचारतात, "आपल्या औंढ्याला करायलेत त्ये ह्येच का?"

अंगावर काटा आला. आमचं गाव औंढा नागनाथपासून फार लांब नाही. लायगोची जागा तिथेच आहे हे मला माहीत होतं, पण या सिनेमाशी ते जोडायचं मला सुचलं नव्हतं, आबांना सुचलं. मी घाईघाईत सांगितलं की तिथे असलं विवर नाही करणार, दोन विवरं एकमेकांवर आदळतात त्याचा हादरा ऐकायचं यंत्र बसवणार आहेत. "ऐकायचं?" म्हणाले, आणि परत पडद्याकडे वळले.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा. आणि लायगोबद्दल मी आबांना बरोबर सांगितलं का, हेही जाणकारांनी सांगा.

खिडकीतली_सीट (१० फेब्रुवारी, २२:०५)

"पन मका कुनाचा?" दंडवत __/\__

आबांना निरोप द्या: तो मका कुणा बिचाऱ्याचा नव्हता. दिग्दर्शक नोलनने कॅनडात अल्बर्टात चित्रीकरणासाठी ५०० एकर मका स्वतः पेरून घेतला होता. तुडवून उरलेला नंतर विकला आणि त्यात फायदाही झाला म्हणे.

वसमतची_हळद (१० फेब्रुवारी, २२:११)

सांगितलं. म्हणाले, "पाचशे एकर? मंग तुडवू द्या."

फ्रेमवाला (१० फेब्रुवारी, २३:३०)

मस्त लिहिलंय. मी गोरेगावात व्हीएफएक्समध्ये (सिनेमातली संगणकी दृश्यं) आहे, रोटो (फ्रेमगणिक आकृती कापायचं काम) करून करून डोळे गेलेला माणूस, त्यामुळे त्या कड्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

ते चित्र 'चांगलं दिसतंय म्हणून' काढलेलं नाही. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणं लिहून दिली आणि लंडनच्या डबल निगेटिव्हच्या लोकांनी त्यावर नवा रेंडरर (चित्र तयार करणारं सॉफ्टवेअर) लिहिला. आपले नेहमीचे रेंडरर प्रकाश सरळ रेषेत जातो असं धरून चालतात. इथे प्रकाशच वाकतो. विवराभोवती तप्त वायूची तबकडी फिरते; तिचा विवराच्या मागे दडलेला भाग खरं तर दिसायला नको, पण त्याचा प्रकाश वरून आणि खालून वळून आपल्यापर्यंत येतो. म्हणून ते कडं उभं दिसतं. उभं कडं वेगळं नाहीच, ती मागची तबकडीच आहे. काही फ्रेमना शंभर-शंभर तास लागले आणि एकूण डेटा ८०० टेराबाइटच्या घरात गेला. आमच्याकडे एका फ्रेमला चार तास लागले तरी सुपरवायझर येऊन डोक्यावर उभा राहतो.

पण एक गोम आहे. तबकडी प्रचंड वेगाने फिरते, त्यामुळे जी बाजू आपल्याकडे येते ती झगझगीत आणि निळसर, जी लांब जाते ती जवळजवळ विझलेली दिसायला हवी. त्यांनी तसंही करून पाहिलं होतं, मग प्रेक्षक गोंधळेल म्हणून ते काढून टाकलं. चित्रासाठी विवराची गिरकीही कमी धरली. हे सगळं त्यांनी २०१५ साली शोधनिबंधात स्वतःच लिहिलंय, लपवलेलं काही नाही.

जाता जाता, या सगळ्यांच्या आधी १९७९ मध्ये ल्युमिने या फ्रेंच माणसाने असं चित्र काढलं होतं. आकडे पंचकार्डांवर चालणाऱ्या आयबीएम संगणकाने काढले आणि चित्र त्याने हाताने, शाईच्या ठिपक्यांनी. त्यात एक बाजू उजळ आणि एक मंद आहे. १० एप्रिल २०१९ ला एम८७ दीर्घिकेच्या विवराचा खरा फोटो आला, त्यातही कडं एका बाजूला जास्त उजळ. म्हणजे ८०० टेराबाइटवाल्यांपेक्षा शाईवाला खऱ्याच्या जवळ. मी ते चित्र डेस्कला चिकटवून ठेवलंय.

चिडकू (११ फेब्रुवारी, ०८:५०)

सगळ्यांचं कौतुक चाललंय तर मीच खडा टाकतो.

मी शनिवारी पाहिला. पहिली तक्रार: संवाद ऐकूच येत नाहीत. ऑर्गन असा वाजतो की माणसं नुसते ओठ हलवतात. मरताना म्हातारा प्राध्यापक इतकं महत्त्वाचं काहीतरी सांगतो आणि मी बायकोला विचारतोय, काय म्हणाला? तिलाही कळलं नाही. दुसरी: इतकं सगळं विज्ञान, नोबेलवाला सल्लागार, आणि शेवटी प्रेम हीच काय ती शक्ती, पुस्तकांच्या मांडणीमागून पोरीला हाक. अहो मग थॉर्नला कशाला त्रास दिला? तिसरी: १६९ मिनिटं.

दृश्यं भव्य आहेत, मान्य. पण भव्य पडद्यावर दोन तास कुठलाही ढग दाखवला तरी माणूस दिपतोच.

लंडनची_भाकरी (११ फेब्रुवारी, १४:२०, इथल्या घड्याळाप्रमाणे सकाळ)

चिडकू, आवाजाचं ते मुद्दाम केलेलं आहे, थेटरवाल्यांचा दोष नाही. दिग्दर्शकानेच तेव्हा सांगितलं होतं की काही ठिकाणी संवाद हाही आवाजांपैकी एक आवाज म्हणून वापरलाय. पटत नसेल तर गोष्ट वेगळी. मलाही प्राध्यापकाचं मरण उपशीर्षकं लावून पाहिल्यावरच कळलं.

मी २०१४ मध्ये वॉटर्लूच्या बीएफआय आयमॅक्समध्ये पाहिला होता, ७० मिमीच्या खऱ्या फिल्मवर. पडदा २० मीटर उंच, पाच-सहा मजली इमारत समजा. एक सांगतो, राग मानू नका: डिजिटल आयमॅक्समध्ये तुम्ही जे पाहता त्यात आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेल्या दृश्यांचं वर-खालचं जवळजवळ पाव चित्र कापलेलं असतं. फिल्मची चौकट १.४३ ला १, डिजिटलची १.९० ला १. घरात माणसं बोलत असतात तेव्हा चित्र रुंद आणि बुटकं, आणि यान बाहेर पडलं की एकदम वर-खाली उघडतं. माजघराचं दार उघडून अंगणात आल्यासारखं. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी खरोखर मान मागे टाकली होती.

तो ऑर्गन इथल्याच टेंपल चर्चमधला आहे. माझ्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटं. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गेलो होतो, डबा बाहेरच खाल्ला. कुणीतरी सराव करत होतं. ऑर्गनला हवा लागते, सूर लागायच्या आधी एक श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. सिनेमात तो श्वास ऐकू येतो का ते आता कान देऊन बघा.

सायनचा_घुमट (११ फेब्रुवारी, १५:०२)

पाव चित्र कापलेलं वाचून वडाळ्याच्या घुमटाकार थेटराची आठवण आली. शाळेच्या सहली तिथे जायच्या, माहितीपट बघायला. पडदा समोर नाही, डोक्यावरून मागे जाणारा. अर्ध्या वर्गाला मळमळायचं, बाईंच्या पिशवीत लिंबाच्या गोळ्या असायच्याच. आम्ही समुद्राखाली आहोत आणि देवमासा डोक्यावरून जातोय असं वाटून माझा मित्र खुर्चीखाली शिरला होता. तो आता मर्चंट नेव्हीत आहे.

कोपऱ्यातला_दिवा (११ फेब्रुवारी, १७:४५)

हे सगळे पडद्याचे आकडे वाचून गंमत वाटली. मी हा सिनेमा अमरावती-नागपूर एसटीत, मोबाईलवर, एका कानात इअरफोन घालून पाहिला. दुसरा शेजारच्या अनोळखी पोराने मागून घेतला, कारण तोही वाकून बघत होता. निरोपांचा प्रसंग आला तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर तळेगाव.

मला नाही वाटत पडदा मोठा असता तर मी जास्त रडलो असतो.

पारिजातकाचं_झाड (११ फेब्रुवारी, २१:१५)

नांदेडला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हळद, तू आबांना अगदी बरोबर सांगितलंस. थोडं वाढवते.

लायगो म्हणजे इंग्रजी एल आकारातल्या दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटरची. आत निर्वात. लेसरचा किरण दोन्हींत जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच ताणलं-आक्रसलं जातं आणि एक नळी दुसरीपेक्षा किंचित लांब होते. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या जाडीच्याही हजाराव्या भागाइतकी. अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला असा पहिला हादरा टिपला. तो निघाला होता सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. त्याची वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यात बसते, म्हणून तो खरंच ऐकवता येतो. मी वर्गात ऐकवते. पोरं म्हणतात, "बस, एवढंच?" चिमणीने टुक केल्यासारखा आवाज आहे तो.

आणि चिडकू यांचा नोबेलवाला सल्लागार: किप थॉर्न लायगोच्या संस्थापकांपैकी, २०१७ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. म्हणजे सिनेमा आला तेव्हा नोबेलही नव्हतं आणि पहिला हादराही टिपला गेला नव्हता. त्याच यंत्राचं भावंड औंढ्याला होतंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, पुण्याची आयुका त्यातल्या मुख्य संस्थांपैकी एक. आबांनी सिनेमा बघून औंढ्याचं नाव काढलं ते बरोबर माणसापर्यंत जाऊन पोचलं.

अवांतर: पाण्याच्या ग्रहावर पार्श्वसंगीतात टिकटिक आहे, तिचा एक ठोका म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस असं सगळीकडे फिरतं. वर्गात हिशोब केला. तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं, म्हणजे २५५७ दिवस. ३६०० सेकंदांना भागलं तर एक दिवस १.४ सेकंदाचा. टिकटिक साधारण सव्वा सेकंदाला आहे. तंतोतंत नाही, पण फार लांबही नाही. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, आपला तास संपेपर्यंत बाहेर सहा वर्षं होतील." एवढं गणित त्याने वर्षात पहिल्यांदा केलं.

तिखटजाळ (११ फेब्रुवारी, २१:५०)

सुरुवातीच्या म्हाताऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. त्यातली एक नटी सोडली तर बाकीची खरी माणसं आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात धुळीची वादळं झाली, त्यावर २०१२ मध्ये माहितीपट आला होता, त्यातल्या मुलाखती जशाच्या तशा घेतल्यात. पालथी ताटं त्यांच्याच आठवणींतली. म्हणजे आबा पुढे सरकून बसले ते भविष्य बघून नाही.

चिडकू (१२ फेब्रुवारी, ०९:१०)

हे माहीत नव्हतं. आम्हाला ती सगळी नटमंडळी वाटली होती. एक गुण वाढवतो. प्रेमाच्या भाषणाचा मात्र काढून घेतलेला परत देणार नाही.

आणि एसटीवाले, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही. मूक प्रसंग घ्या. यानाचं दार फुटतं आणि एकदम आवाज बंद. घरी तिथे फ्रिज घुरघुरत असतो, शेजारची कुकरची शिट्टी येते. थेटरात शनिवारी त्या क्षणी माझ्या मागच्याने चिप्सच्या पाकिटात घातलेला हात तसाच ठेवला. बाहेर काढला तर आवाज होईल म्हणून. पुरी दहा-पंधरा सेकंदं. तेवढ्यासाठी मी तिकिटाचे पैसे माफ केलेत.

कोपऱ्यातला_दिवा (१२ फेब्रुवारी, ०९:४०)

पाकिटातला हात :D

बरं, आता सांगा, कुठली रांग घ्यावी? मित्र म्हणतोय अगदी मागची.

फ्रेमवाला (१२ फेब्रुवारी, १०:०५)

मधोमध, मागून एक तृतीयांशावर. पडद्याच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यात जायला हव्यात. अगदी मागे बसायचं तर मोठा टीव्ही घ्या. लवकर काढा, गुरुवारपर्यंतच आहे.

वसमतची_हळद (१२ फेब्रुवारी, २२:३०)

सगळ्यांचे आभार. पारिजातक, तुमचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवायचाय. काल सकाळी ते परत गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला इतक्यात काही करायची गरज नाही.

आत्ता फोन केला तर आईने उचलला. म्हणाली, तुझा बाप आल्यापून भेंडीच्या वाफ्यातच हाय. उन्हाळी भेंडी नुकती चार पानांवर आलीये, एकेक पान उलटं करून बघतायत म्हणे. येताना औंढ्याला उतरून त्या लायगोच्या कुंपणापर्यंत रिक्षाने जाऊन आले. दिसलं काय, तर तार, पाटी आणि बाभळी. "आजून आयकू येत नाई" असं आईला सांगितलं.

पिच्चरची गोष्ट आईला सांगून झालीये. तिच्या तोंडून ऐकली ती अशी: एक बाप कामाला लांब जातो, तो तसाच ऱ्हातो आन पोरगी म्हातारी होती. मी विचारलं, कशी वाटली? म्हणाली, "आन तिची माय?" म्हटलं ती आधीच गेलेली असते. "हां," म्हणाली, "म्हनूनच."

मग मी त्या ताटांचं विचारलं, आबांनी सांगितलं का? तर म्हणे सांगितलं की. "पालथी ताटं दाखिवली म्हने येवढाली. त्यात काय दाखवायचं माय, आपली रोजच पालथी आसत्यात."